एस्चीट

इंग्रजी विधीतील एक विरळ क्रियापद आणि त्याच रूपाचे नाम. एखादी व्यक्ती मृत्युपत्र न करता व कायदेशीर वारस मागे न ठेवता मरण पावली, म्हणजे तिची मालमत्ता ज्या धन्याकडून मूळ मिळाली त्याच्याकडे आणि आधुनिक काळात राज्यसंस्थेकडे जाणे, हा या क्रियापदाचा अर्थ होय. मराठीत त्याकरिता ‘सरकारजमा होणे’ हा व्यवहारातला आणि ‘राजगामी होणे’ हा संस्कृत वळणाचा, असे दोन प्रयोग करता येतात. मात्र जप्ती, दंड किंवा सक्तीचे भूसंपादन यांमुळेही मालमत्ता सरकारकडे जाते. त्या सर्वांहून एस्चीट वेगळे आहे. जप्तीमागे थकबाकी असते, दंडामागे अपराध असतो, भूसंपादनामागे सार्वजनिक प्रयोजन असते. एस्चीटच्या मुळाशी मात्र केवळ पोकळी असते. मालक गेला आणि त्याच्या जागी येणारे कोणी उरले नाही, एवढेच तिचे कारण. कोणी खरोखरच उरले नाही, की जे उरले त्यांना कायद्याने वारस मानले नाही, हा प्रश्न या शब्दाच्या सबंध इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे.

व्युत्पत्ती : हा शब्द लॅटिनमधील ‘एक्स’ (बाहेर) हा उपसर्ग आणि ‘कादेरे’ (पडणे) हा धातू यांपासून आला. लोकव्यवहारातील लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्श्वार’ असे क्रियापद झाले. त्याचा अर्थ ‘वाट्यास येणे’, ‘एखाद्याच्या अंगावर पडणे’ असा होता. त्याच्या भूतकालवाचक धातुसाधितापासून ‘वाट्यास आलेली वस्तू’ या अर्थी नाम तयार झाले आणि १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर ते नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून इंग्लंडच्या न्यायालयांत आले. मूळ फ्रेंच क्रियापद आधुनिक फ्रेंचमध्ये ‘एश्वार’ या रूपात आजही आहे. वाटा पदरी पडणे आणि देण्याची मुदत भरणे हे दोन्ही अर्थ त्याला आहेत. इंग्रजीतील ‘केस’, ‘चान्स’, ‘अ‍ॅक्सिडेंट’, ‘डिके’ हे शब्दही याच लॅटिन धातूच्या कुळातले असून त्या प्रत्येकात काहीतरी ‘पडण्या’ची कल्पना दडलेली आहे. गळून पडणे या अर्थाच्या संस्कृतातील ‘शद्’ धातूशीही भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध जोडतात. याच संकल्पनेला जर्मन भाषेत ‘हाइमफाल’, म्हणजे घरी परत पडणे, असा शब्द आहे. तोही पडण्याच्याच प्रतिमेवर उभा आहे.

या क्रियापदाची व्याकरणिक ठेवण लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ प्रयोगात ते अकर्मक असून त्याचा कर्ता जमीन असते, धनी नव्हे. धनी जमीन घेत नाही. जमीनच त्याच्याकडे पडते. पिकलेले फळ देठापासून सुटून ज्याच्या अंगणात झाड असेल तेथे पडावे, तशी ही कल्पना आहे. त्यात कोणाच्या इच्छेचा वा बळाचा प्रश्न येत नाही. पुढे हेच क्रियापद सकर्मकही झाले आणि राजाने अमक्याची जमीन ‘एस्चीट केली’ असे म्हटले जाऊ लागले. ‘सरकारजमा होणे’ आणि ‘सरकारजमा करणे’ या दोन मराठी प्रयोगांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे. होण्याच्या आड करणे कसे लपते, याची उदाहरणे पुढे येतीलच.

इंग्लंडमधील सरंजामी पाया : नॉर्मन राजवटीत सर्व जमिनीचा अंतिम स्वामी राजा, हे तत्त्व प्रस्थापित झाले. राजाकडून मोठे सरदार, त्यांच्याकडून लहान सरदार व त्यांच्याकडून प्रत्यक्ष कसणारे अशा पायऱ्यांनी जमीन धारण केली जाई आणि प्रत्येक पायरीवर धारकाने आपल्या धन्यास लष्करी वा अन्य सेवा द्यावयाची असे. जमीन ‘अमक्यास व त्याच्या वारसांस’ दिलेली असे. वारस संपले, की देणगीच संपली. मग जमीन देणाऱ्याकडे परत जाई. यात धनी हा मृताचा वारस ठरत नसे, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याचा हक्क मृताच्या नात्यातून नव्हे, तर मूळ देणगीच्या मर्यादेतून उत्पन्न होई.

इंग्लिश विधीने एस्चीटचे दोन प्रकार मानले. पहिला रक्ताच्या अभावामुळे होणारा, म्हणजे वारस नसल्याने. दुसरा धारकाच्या अपराधामुळे होणारा. फेलनी या वर्गातील गंभीर गुन्ह्याबद्दल देहदंड वा बहिष्कृती झाल्यास गुन्हेगाराचे रक्त ‘दूषित’ झाले असे कायदा मानी. त्यामुळे जिवंत व निरपराध मुलेही वारस ठरत नसत. अशी जमीन एक वर्ष व एक दिवस राजाच्या ताब्यात राही आणि नंतर धन्याकडे जाई. राजाने ही मुदत ओलांडू नये असे बंधन १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये स्पष्टपणे घातलेले आहे. तसे घालावे लागले यावरूनच तत्कालीन व्यवहार उमजतो. राजद्रोहाच्या बाबतीत मात्र जमीन थेट राजाकडेच जाई व धन्यास काही मिळत नसे. केंट परगण्यात गॅव्हलकाइंड नावाची वेगळी धारणापद्धती होती. तेथे फेलनीबद्दल बाप फासावर गेला तरी मुलाचा नांगर थांबत नाही, अशा आशयाची म्हणच रूढ होती.

रक्ताच्या अभावाचा अर्थही वाटतो तितका सरळ नव्हता. अनौरस व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने कोणाचेच अपत्य नसल्याने तिला स्वतःच्या संततीखेरीज वारस असूच शकत नसे. ती निपुत्रिक मेली, की आई व भावंडे जिवंत असतानाही तिची जमीन धन्याकडे जाई. परकीय व्यक्तीला वारसा मिळत नसे. सावत्र भावंडे वगळलेली होती. याहून विलक्षण म्हणजे मुलाची जमीन बापाकडे थेट जाऊ शकत नसे. चुलत्यास ती मिळू शके, परंतु चुलता नसेल व अन्य पात्र नातेवाईकही नसतील, तर बापाच्या डोळ्यांदेखत ती धन्याकडे जाई. वारसा खाली वाहतो, वर चढत नाही, हे त्यामागचे तत्त्व होते. अठराव्या शतकातील नामवंत विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टन यांनी सावत्र नात्याच्या निषेधाचे समर्थन केले. त्यांच्या युक्तिवादात पांडित्य भरपूर असले, तरी आजच्या वाचकास ते पटणे कठीण आहे. १८३३ च्या वारसा अधिनियमाने पूर्वज व सावत्र नातेवाईक या दोघांवरील बंदी उठविली. म्हणजे त्या एका वर्षात माणसे होती तीच राहिली, परंतु ‘बेवारस’ जमिनी कमी झाल्या.

धन्याचा हा हक्क मौल्यवान होता. म्हणूनच तो चुकविण्याच्या वाटांवर कायद्याची करडी नजर राहिली. चर्चला दिलेली जमीन कधीच परत येत नसे, कारण धर्मसंस्था मरत नाही, तिला वारसाची गरज नसते आणि ती फेलनीही करत नाही. १२७९ च्या कायद्याने अशा देणग्यांवर निर्बंध घातला गेला, त्याचे एक कारण हे होते. १२९० च्या ‘क्विया एम्प्टोरेस’ या कायद्याने पोटधारक निर्माण करण्यास मनाई केली. जमीन विकणारा त्यापुढे खरेदीदाराचा धनी होऊ शकत नसे. खरेदीदार त्याच्या जागी येई. हा कायदा बड्या सरदारांच्या हितासाठी केलेला होता. परंतु त्यामुळे नव्या मधल्या पायऱ्या निर्माण होणे थांबले, जुन्या कालांतराने विस्मृतीत गेल्या आणि एस्चीटचा लाभ बहुतेक प्रसंगी एकट्या राजास होऊ लागला. खाजगी धन्याचा हक्क अशा रीतीने राज्याचा हक्क बनला.

एस्चीटर आणि ‘चीट’ : तेराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये राजाच्या वतीने एस्चीटर हे अधिकारी नेमले जाऊ लागले. राजाकडून थेट जमीन धारण करणारा मेला, की एस्चीटर स्थानिक पंचांना बोलावून चौकशी करी : मृताकडे कोणती जमीन होती, तिचे उत्पन्न किती, वारस कोण, त्याचे वय काय. या मरणोत्तर चौकश्यांची कागदपत्रे मध्ययुगीन इंग्लंडच्या इतिहासाचे फार महत्त्वाचे साधन ठरली आहेत. शेक्सपिअरकालीन प्रेक्षकांच्या दृष्टीने मात्र एस्चीटर म्हणजे वारस असतानाही जमीन हिसकावणारा, कागदात दोष काढणारा, हात ओला केल्याशिवाय न हलणारा माणूस होता.

या लौकिकाचा पुरावा भाषेनेच जपून ठेवला आहे. ‘एस्चीट’ शब्दाचे पहिले अक्षर बोलण्यात गळून ‘चीट’ झाले. आरंभी त्याचा अर्थ सरकारजमा झालेली मालमत्ता एवढाच होता. पुढे लूट, मग चोरांच्या गुप्त बोलीत कोणतीही हाती लागलेली वस्तू, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस फसविणे, असा त्याचा प्रवास झाला. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्हज ऑफ विंडसर’ या नाटकात फॉल्स्टाफ दोन श्रीमंत स्त्रियांना लुबाडण्याचा बेत बोलून दाखवितो, तेव्हा तो स्वतःस ‘चीटर’ व त्या दोघींना राजाचा खजिना म्हणतो. हा विनोद अधिकारपद व ठक हे दोन्ही अर्थ प्रेक्षकांना ठाऊक असल्याशिवाय लागू पडत नाही. आज ‘चीटिंग’ हा शब्द खेड्यातल्या क्रिकेटच्या खेळातही ऐकू येतो. तो एका महसुली खात्याच्या दुर्लौकिकातून जन्मला, हे फारच थोड्यांना माहीत असते.

१६६० मध्ये लष्करी भूधारणा रद्द झाल्यावर एस्चीटरचे काम जवळजवळ संपले. आयर्लंडमध्ये मात्र शब्दाने वेगळेच वळण घेतले होते. अल्स्टर प्रांतातील सरदार १६०७ मध्ये देश सोडून गेल्यावर तेथील सहा परगणे एस्चीट झाले असे घोषित करून इंग्लंड-स्कॉटलंडमधील वसाहतवाल्यांना त्यांतील जमिनी वाटण्यात आल्या. इतक्या विस्तीर्ण प्रदेशातील सर्व कसणारे बेवारस मेलेले नव्हते, हे उघड आहे. क्रियापद अकर्मक राहिले, कृती मात्र पूर्णपणे सकर्मक होती.

न्यासाच्या मालमत्तेचा प्रश्नही इंग्लिश न्यायालयांपुढे आला. १७५९ मधील बर्जेस विरुद्ध व्हीट या प्रसिद्ध खटल्यात जमीन विश्वस्तांच्या नावावर होती व जिच्या हितासाठी ती होती ती स्त्री पात्र वारसाविना मरण पावली होती. जमिनीचा कायदेशीर धारक, म्हणजे विश्वस्त, हयात असल्याने पोकळी निर्माणच झाली नाही, तेव्हा एस्चीट नाही, असा बहुमताचा निर्णय झाला. त्यामुळे विश्वस्तास परक्याची जमीन आयती मिळाली. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी याला असहमती दर्शविली होती. १८८४ च्या अधिनियमाने ही स्थिती बदलली.

१८७० मध्ये अपराधमूलक एस्चीट रद्द झाले आणि १९२५ च्या संपदा-प्रशासन अधिनियमाने वारसाभावी होणारे एस्चीटही रद्द झाले. बेवारस मालमत्ता, मग ती स्थावर असो वा जंगम, तेव्हापासून ‘बोना व्हेकान्शिया’ म्हणजे स्वामीहीन वस्तू या तत्त्वाखाली राजसत्तेकडे जाते. लँकेस्टर व कॉर्नवॉल या डचींच्या क्षेत्रांत ती त्या डचींकडे जाते. तथापि शब्द पूर्णपणे मेला नाही. दिवाळे निघालेल्या व्यक्तीचा विश्वस्त वा कंपनीचा परिसमापक जेव्हा एखादी निरुपयोगी पूर्णस्वामित्वाची जमीन नाकारतो, तेव्हा ती आजही इंग्लंडमध्ये एस्चीट होते. अशी जमीन बहुधा ढासळलेल्या इमारतीची वा दूषित मातीची असते. ती आपल्याकडे आली तरी तिची जबाबदारी अंगावर पडू नये, म्हणून राजसत्तेची मालमत्ता सांभाळणारी क्राउन इस्टेट ही संस्था तिचा ताबा वा व्यवस्थापन घेण्याचे कटाक्षाने टाळते. एके काळी ज्या हक्कासाठी सरदार भांडत, तो आता नकोसा झाला आहे.

दोन उपपत्ती : बेवारस मालमत्ता राज्यास का मिळते, याची दोन भिन्न उत्तरे दिली जातात. एका मतानुसार राज्य हे शेवटचे वारस आहे. जर्मन नागरी संहितेने हे मत इतक्या काटेकोरपणे स्वीकारले आहे, की अन्य वारस नसताना येणारा वारसा राज्यास नाकारताच येत नाही. स्कॉटलंडमध्येही ‘अल्टिमस हेरेस’, म्हणजे अंतिम वारस, ही संज्ञा रूढ आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने ठरविलेल्या वारसक्रमात राज्य शेवटच्या स्थानी होते. दुसऱ्या मतानुसार राज्य वारस नाहीच. ज्याला स्वामी नाही ते सार्वभौम सत्तेचे, एवढाच तिचा हक्क. हा भेद केवळ शास्त्रीय नाही. राज्य वारस असेल, तर मृताची कर्जे, आश्रितांचा निर्वाह व अन्य दायित्वे वारसाप्रमाणे त्याच्याकडे येतात; नसेल, तर ती येतात की नाही हे वेगळे सिद्ध करावे लागते.

भारतीय परंपरा : भारतात सरंजामी धारणेची ती विशिष्ट चौकट नसतानाही मूळ प्रश्न फार पूर्वीच ओळखला गेला होता. दायाद नसलेले धन राजाने घ्यावे, परंतु मृताच्या स्त्रियांचा निर्वाह व अंत्यविधी यांपुरते वगळून घ्यावे आणि श्रोत्रियाचे धन मुळीच घेऊ नये, असे कौटिलीय अर्थशास्त्रात सांगितले आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ब्राह्मणाचे धन राजाने कधीही घेऊ नये, इतर वर्णांचे मात्र सर्व वारसांच्या अभावी घ्यावे, असा नियम आहे.

याचा सर्वांत हृद्य आविष्कार कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या सहाव्या अंकात होतो. समुद्रमार्गे व्यापार करणारा धनमित्र नावाचा निपुत्रिक सार्थवाह जहाज फुटून मरण पावला असून त्याचे धन राजगामी होते, असे अमात्य राजाला लेखी कळवितो. दुष्यंताला हा अहवाल पुरेसा वाटत नाही. एवढ्या धनिकाला अनेक पत्नी असतील. त्यांपैकी कोणी गर्भवती आहे का, याची चौकशी करण्यास तो सांगतो. एका पत्नीचा पुंसवन संस्कार नुकताच झाल्याचे कळताच गर्भस्थ अपत्य पित्याच्या धनास पात्र असल्याचा निर्णय तो देतो. शकुंतलेचा त्याग करून आपण स्वतःच निपुत्रिक झाल्याच्या दुःखात राजा बुडालेला असताना हा प्रसंग घातलेला आहे, हे त्याचे नाट्य होय. परंतु विधीच्या दृष्टीनेही तो मोलाचा आहे. धन आपोआप पडत नाही, आधी वारस शोधावा लागतो आणि शोधण्याची जबाबदारी ज्याला लाभ होणार त्याच्यावरच असते, हे तत्त्व त्यात आलेले आहे. बाराव्या शतकातील गुजरातचा चालुक्य राजा कुमारपाल याने निपुत्रिकांचे धन घेण्याची प्रथाच सोडून दिल्याची नोंद जैन ग्रंथकारांनी गौरवाने केली आहे. इस्लामी विधीत असे धन ‘बैतुलमाल’ या सार्वजनिक कोशात जाते. वारस असल्यास त्यांना अडवू नये, नसल्यास मशिदी, सराया, पूल व तलाव यांवर ते खर्चावे, असा हुकूम जहांगीर बादशहाने राज्यारोहणानंतर (१६०५) काढलेल्या बारा हुकुमांत आहे.

ब्रिटिश अंमल : ब्रिटिश अंमलात मनूचा नियम न्यायालयात कसोटीस लागला. मच्छलीपट्टणच्या कलेक्टरने एका निपुत्रिक ब्राह्मण जमीनदाराच्या विधवेनंतर त्या मालमत्तेवर सरकारचा हक्क सांगितला. ब्राह्मणाचे धन राजाला घेता येत नाही, असा त्यावर आक्षेप निघाला. १८६० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. पक्षकारांच्या व्यक्तिगत विधीप्रमाणे कोणीच वारस सापडत नसेल, तर सार्वभौम सत्ता आपल्या सर्वसाधारण अधिकाराने मालमत्ता घेते. मात्र त्या मालमत्तेवरील न्यास व भार यांसह घेते, असा हा निर्णय होता. इंग्रजी सरंजामी शब्द येथे आपल्या मूळ भूमीतून उपटून सार्वभौमत्वाच्या भूमीत लावला गेला.

याच्या थोडे आधी महाराष्ट्राने या कल्पनेचे राजकीय रूप अनुभवले होते. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तथापि कंपनी सरकारच्या संमतीवाचून घेतलेल्या दत्तकास राज्याचा वारसा मिळत नाही, असे ठरवून गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी याने संस्थान खालसा केले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तकास मान्यता द्यावी असे मत दिले होते, ते मानले गेले नाही. १८५४ मध्ये झाशी व नागपूर यांचीही हीच गत झाली. तांत्रिक दृष्ट्या हे एस्चीट नव्हे. त्याला ‘लॅप्स’ म्हणजे व्यपगम अशी वेगळी संज्ञा आहे आणि दत्तकाचा खाजगी मालमत्तेवरील हक्क डलहौसीनेही तत्त्वतः नाकारलेला नव्हता. परंतु युक्तिवादाचा सांगाडा एकच होता : सत्ता वरिष्ठाकडून मिळाली, वारस संपला, म्हणून ती वरिष्ठाकडे परतली. हिंदू धर्मशास्त्राच्या दृष्टीने वारस उभा होता; त्याला वारस न मानल्याने पोकळी उत्पन्न झाली. मराठीत या घटनेसाठी ‘खालसा झाले’ यापेक्षा ‘खालसा केले’ हाच प्रयोग रूढ झाला, हे भाषेच्या न्यायबुद्धीस शोभणारेच आहे.

भारतातील विद्यमान विधी : भारतीय संविधानाच्या २९६ व्या अनुच्छेदात एस्चीट, व्यपगम व बोना व्हेकान्शिया या तिन्ही संज्ञा एकत्र आलेल्या आहेत. पूर्वी या मार्गांनी ब्रिटिश राजसत्तेकडे वा संस्थानिकाकडे गेली असती, अशी मालमत्ता ज्या घटक राज्यात असेल त्या राज्याकडे आणि अन्यथा संघराज्याकडे निहित होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २९ मध्ये एस्चीट हा शब्द नाही. वारसाअभावी मालमत्ता शासनाकडे जाईल आणि वारसावर आली असती ती सर्व दायित्वे शासनावर येतील, एवढेच ते सांगते. हिंदू विधीत सपिंड-सगोत्रांचे व अन्य गोत्रजेतर आप्तांचे वर्तुळ फार विस्तृत असल्याने खऱ्या अर्थाने बेवारस हिंदू विरळच. त्यामुळे वाद होतो तो पुराव्याचा.

बिहारमधील बेतिया संस्थानाचे शेवटचे महाराज हरेंद्र किशोर सिंह १८९३ मध्ये निपुत्रिक वारले आणि त्यांच्या दुसऱ्या राणीचे १९५४ मध्ये निधन झाले. त्यानंतर मालमत्तेवर अनेकांनी हक्क सांगितला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावेदारांची वंशावळ सिद्ध झाली नाही असे ठरविले. परंतु त्याच निकालपत्रात शासनालाही बजावले, की एस्चीटचा दावा करणाऱ्यावर कोठेही वारस नसल्याचे सिद्ध करण्याचा भार मोठा असतो, त्यासाठी जाहीर सूचना काढावी लागते आणि न्यायालये अशा दाव्याकडे सहजासहजी अनुकूल दृष्टीने पाहत नाहीत. दावेदार हरला म्हणून सरकार आपोआप जिंकत नाही, असा याचा अर्थ होतो. पुढे २०२४ मध्ये बिहार विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करून ही मालमत्ता राज्याकडे निहित केली. राजस्थानातील खेतडीचे सरदार सिंह १९८७ मध्ये वारल्यावर राज्य शासनाने एस्चीटविषयक स्थानिक अधिनियमाखाली त्यांच्या वास्तू ताब्यात घेतल्या. त्यांचे मृत्युपत्र २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ग्राह्य धरले. मृत्युपत्र असेल तर पोकळीच नाही, आणि पोकळी नसेल तर एस्चीट नाही.

मृत व्यक्तीप्रमाणे विसर्जित कंपनीची मालमत्ताही याच तत्त्वाने शासनाकडे जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. मालक हयात असून केवळ मागणी करीत नसेल तर काय, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेत हे क्रियापद आज सर्वांत अधिक याच संदर्भात ऐकू येते : बँकेतील निद्रिस्त खाती, न वठविलेले धनादेश, विसरलेले लाभांश काही वर्षांनी घटक राज्याकडे ‘एस्चीट’ होतात. कोणत्या राज्याकडे, यावरून राज्याराज्यांत तंटे झाले. धनकोचा शेवटचा ज्ञात पत्ता ज्या राज्यातला त्याकडे, पत्ता नसल्यास ज्या राज्यात कंपनी नोंदलेली त्याकडे, असा दंडक तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये टेक्सस विरुद्ध न्यू जर्सी या वादात घातला. असंख्य कंपन्यांची नोंदणी असलेल्या डेलावेअर या छोट्या राज्यास त्याचा मोठा लाभ झाला. त्याच्या या हक्काची मर्यादा २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मनीऑर्डरसदृश साधनांच्या बाबतीत आखून दिली.

मुंबई राज्याने १९५३ च्या कामगार कल्याण निधी अधिनियमाने गिरण्यांत पडून राहिलेले, कामगारांनी न नेलेले वेतन कल्याण निधीकडे वळविण्याची तरतूद केली. हेतू चांगला होता. बॉम्बे डाइंग कंपनीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये अमेरिकन कायद्यांशी तुलना करून ही तरतूद अवैध ठरविली. तेथील कायद्यांत मालकास सूचना व पैसे परत मागण्याची संधी असते, येथे ती नव्हती. कामगाराचे येणे सांभाळले जात नव्हते, ते नष्टच होत होते. कायद्यात पुढे जाहीर सूचना व कामगाराचा मागणीहक्क यांची भर घालण्यात आली. बँकांत दहा वर्षे पडून राहिलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होतात. परंतु ठेवीदार वा त्याचे वारस त्यानंतरही बँकेकडे रक्कम मागू शकतात. म्हणून त्याला एस्चीट म्हणता येत नाही.

शेतजमिनीच्या बाबतीत महाराष्ट्रात १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३४ लागू होते. भोगवटादार मृत्युपत्र न करता व ज्ञात वारस न ठेवता मरण पावल्यास जिल्हाधिकारी जमीन ताब्यात घेऊन ती एका वेळी एक वर्षाच्या पट्ट्याने देऊ शकतो. तीन वर्षांत कोणी हक्कदार पुढे आल्यास चौकशी करून ती त्याला परत देता येते आणि मागणी फेटाळली गेल्यास त्याला दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला असतो. या मुदतीत कोणीच न आल्यास भोगवट्याच्या हक्काचा लिलाव होतो.